उजवी बाही

गल्लीच्या तोंडाशी, लाँड्री आणि चाव्या बनवणाऱ्याची टपरी यांच्या मध्ये, एका जिन्याखालच्या जागेत तिचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायचं म्हणून. आत एक गिऱ्हाईक बसलं की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं आणि तिसऱ्याने उद्या यायचं, असा शेजारच्या लाँड्रीवाल्याचा ठरलेला विनोद होता. डोक्यावरून पायऱ्या उतरत जायच्या, त्यामुळे मागच्या बाजूला तिला कमरेत वाकूनच वावरावं लागे. पण एकुलती एक खिडकी बरोब्बर डाव्या खांद्यावरून उजेड द्यायची, आणि तिच्या कामाला तेवढं पुरेसं होतं.

ती रफू करायची. कुणी शिंपीणबाई म्हणून हाक मारली की तिचा पारा चढायचा. "शिवतात ते शिंपी. मी फाटलेलं नाहीसं करते," असं ती सुनवायची. सिगारेटने जळलेला सूट, कसरीने खाल्लेली शाल, दाराच्या कडीत अडकून फाटलेली पँट, असलं काहीबाही लोक घेऊन यायचे. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून ती एकेक धागा काढायची आणि भोकावर पुन्हा कापड विणायची, उभ्याला उभा, आडव्याला आडवा, मूळ विणीशी वीण जुळवत. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की तो फळीवर पसरायची, हाताची घडी घालायची आणि म्हणायची, "शोधा."

सापडलं तर मजुरी नाही, हा तिचा नियम होता. लोक कपडा उजेडात धरायचे, उलटा करायचे, त्यावरून बोटं फिरवायचे. एक निवृत्त मास्तर तर भिंग घेऊन आले होते. बराच वेळ शोधून त्यांनी विजयी मुद्रेने बोट ठेवलं ते गिरणीतच राहून गेलेल्या गाठीवर. तिने हसत त्यांची मजुरी निम्मी केली. म्हणाली, "एवढे डोळे फोडलेत मास्तर, तुमचंही काही निघायला हवं."

तिला एक मुलगी होती. जन्मली तेव्हा नाक एवढंसं, चपटं आणि त्यात दोन ठिपके, म्हणून बापाने तिला बटण म्हटलं आणि ते नाव घरात कायमचं चिकटलं. बाप बेकरीची गाडी चालवायचा. दुपारी घरी आला की दारातूनच ओरडायचा, "बटण जागेवर आहे का तुटलं?" तुटलं म्हणजे रडलं. आतून उत्तर यायचं, "जागेवर!"

मुलगी सहा वर्षांची झाली त्या वर्षी आईने तिला कोट केला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा ओव्हरकोट दुकानात पडून होता. कधीतरी कळलं की म्हातारा गेला आणि त्याच्या मुलांना कोट नको आहे. निळसर करड्या रंगाचं जाड लोकरी कापड, कुठेही विरलेलं नाही. तिने तो उसवून मुलीच्या मापाचा कोट बेतला, आणि बेतताना सगळ्या आया करतात तेच केलं. बाह्या लांब ठेवल्या. बोटांच्या पेरांवर येतील इतक्या. पुढची दोन वर्षं तरी कोट पुरावा म्हणून.

त्या दिवशी दोघी शाळेचे बूट घ्यायला मोठ्या दुकानात गेल्या होत्या. तीन मजली, काचांचं, सगळं एका छताखाली मिळणारं दुकान. बूट घेऊन सरकत्या जिन्याने खाली येत होत्या. मुलीचा डावा हात आईच्या हातात होता. हे ती पुढे कितीदा तरी सांगणार होती, की डावा हात माझ्या हातात होता. उजवा मोकळा होता. मुलांना हात दोन असतात, आणि आईच्या दुसऱ्या हातात पिशवी असते.

मुलीचा मोजा सारखा घसरत होता. "मोजा वर घे ग, पायात येईल," आई म्हणाली. मुलगी वाकली. सरकत्या जिन्याच्या कडेला, पायऱ्या आणि बाजूचा पत्रा यांच्या मधल्या फटीवर, काळा ब्रश लावलेला असतो, कपडा फटीत जाऊ नये म्हणून. तिथे, हातभर लांबीत, तो ब्रश नव्हताच. लांब बाही फटीत गेली. बाहीच्या मागोमाग हात गेला.

ती किंचाळी, ते लाल बटण दाबायला धावलेला कुणी अनोळखी माणूस, जिना थांबल्यावर झालेली शांतता, हे सगळं तिने नंतर कुणालाच नीट सांगितलं नाही. सांगता यायचं नाही. एकच गोष्ट ती सांगायची. स्ट्रेचरवरून नेताना मुलीने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, कोट फाटला. तू रागावशील?"

"नाही ग बाळा. कुठे फाटलाय? मी आहे ना. तू शोधलंस तरी सापडणार नाही."

मुलीला आत नेलं. नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत कपडे आणून दिले. बाहेरच्या बाकावर सासूबाई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. नवरा येरझाऱ्या घालत होता. तिने पिशवी उघडून बघितली. बाहीच्या कडेचा वीतभर भाग दाते ओढल्यासारखा समांतर चिरला होता, जणू कुणी मोठ्या कंगव्याने कापड विंचरलं होतं. ती उठली, बेसिनपाशी गेली, आणि रक्त गार पाण्यात धुवायला लागली. रक्त गार पाण्यातच धुवायचं असतं. गरम लागलं की डाग बसतो. तिच्या पर्समध्ये सुईची डबी कायम असायचीच.

"हे काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"तिला सांगितलंय मी."

त्याला वाटलं, करू दे, हातांना काम आहे तोवर बाईचं डोकं ठिकाणावर राहील. बाकासमोरून जाणाऱ्या एका डॉक्टरणीनेसुद्धा थांबून तिच्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. त्या दिवशी, आणि पुढचे काही दिवस मुलगी औषधाने झोपलेली असताना, तिने ती बाही विणून काढली. लांब ठेवलेल्या दुमडीतले धागे कामी आले. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम होतं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तळव्याची कातडी मांडीवरून काढून लावली. मुलगी नीट शुद्धीवर आली तेव्हा आईने कोट तिच्या पांघरुणावर पसरला आणि म्हणाली, "शोध."

मुलीने डाव्या हाताने बाही उलटसुलट केली. नाकाजवळ नेली. "नाहीच फाटला," ती म्हणाली, आणि अपघातानंतर पहिल्यांदा हसली. आईचा जीव भांड्यात पडला.

त्या मोठ्या दुकानाचा मॅनेजरही भेटायला आला होता. सोबत माणसाएवढा कापडी ससा. भला दिसत होता, आवाजही घाबराघुबरा. "नेमकं झालं तरी काय, ताई?" त्याने विचारलं. आणि ती काय म्हणाली? कुठलीही आई म्हणेल तेच. "काय सांगू दादा, माझंच लक्ष नव्हतं. मोजा वर घे म्हणून मीच सांगितलं तिला." मॅनेजरने मान हलवली. ससा खुर्चीवर बसवला आणि गेला. जाता जाता दाराबाहेर त्याने फोनवर ते वाक्य जसंच्या तसं कुणाला तरी सांगितलं, हे तिला पुढे कोर्टात कळलं.

घरी आल्यावर सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. वाईट नव्हत्या त्या. नातीसाठी जीव टाकायच्या. पण दुःख झालं की त्यांना कुणीतरी समोर लागायचं. "एवढी लांब बाही ठेवायची काय गरज होती? दोन वर्षं पुरवायचा होता कोट! घ्या, पुरला आता जन्मभर."

"आई, पुरे," नवरा म्हणायचा.

"पुरे काय? पोरगी विचारते मला, आजी, मी हात घातला म्हणून झालं का? काय सांगू तिला?"

ते ऐकून तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मुलीला हे कुणी सांगितलं? मोठ्या दुकानाकडून आलेल्या पत्रात होतं: "मुलगी खेळत असताना तिने यंत्रात हात घातला." पत्र नवऱ्याने मोठ्याने वाचलं होतं, शिव्या घालत घालत, आणि मुलगी पलंगावर ऐकत होती. त्या दिवशी आई नवऱ्याला म्हणाली, "मला काही नको त्यांच्याकडून. एक वाक्य हवंय. लेखी. की तिने हात घातला नाही."

वकीलबाईंचं ऑफिस औषधाच्या दुकानावर होतं. खुर्च्यांवर फायली, त्यामुळे आलेल्या माणसाने आधी फायली मांडीवर घ्यायच्या आणि मग बसायचं. बाई घशाच्या गोळ्या चघळत बोलायच्या. "पहिलं ऐका. हा दावा तुमचा नाही, तिचा आहे. ती लहान आहे म्हणून तुम्ही तिच्या वतीने सह्या करणार, एवढंच. मिळेल ते तिचं. तुम्हाला त्यातून गॅस सिलिंडरसुद्धा घेता येणार नाही."

"नकोच आहे," ती म्हणाली.

"दुसरं. एवढ्या लहान पोराला कोर्ट दोष देत नाही."

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"आईला देतं," वकीलबाई म्हणाल्या आणि नवी गोळी तोंडात टाकली. "तुमचं लक्ष नव्हतं, असं तुम्हीच सांगून बसलात. बरं, ब्रश?"

"मी गेलो होतो फोटो काढायला," नवरा म्हणाला. "नवा कोरा ब्रश. चकचकीत. मी विचारलं तर म्हणे, पहिल्यापासून हाच आहे."

"कॅमेरे होते ना तिथे?"

"होते. पण त्याच्यावर आता पुढचं चढलंय म्हणतात. जुनं राहत नाही."

"राखून ठेवा म्हणून लेखी मागितलं होतंत?"

"लेखी?" नवरा म्हणाला. "तेव्हा आम्ही रक्त शोधत फिरत होतो, वकीलबाई. तिच्या गटाचं मिळत नव्हतं."

वकीलबाई एकदम पुढे झुकल्या. "कोट! अहो, कोट कुठाय? बाही आधी ओढली गेली असेल तर कापडावर दिसणारच की. पायरीच्या दात्यांच्या खुणा, ग्रीस, रक्त. त्यावरून कुणीही सांगेल की आधी कापड गेलं, मग हात. तो कोट म्हणजे तुमचं अख्खं प्रकरण आहे."

"कोट आहे ना!" ती केवढ्या आनंदाने म्हणाली. दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून घेऊन आली. वकीलबाईंनी तो टेबलावर पसरला, चष्मा लावला, उजवी बाही उलटी केली, सुलटी केली, डावी बघितली, पुन्हा उजवी.

"फाटलेला कुठे आहे?"

आणि सवयीने तिची घडी घातली गेली हाताची. शब्द ओठांपर्यंत आला. तिथेच अडकला. काय केलं आपण, हे तिला त्या क्षणी कळलं. आजवर कुणाला न सापडलेल्या सगळ्या शाली आणि सुटांचा तिला एकदम राग आला.

"धुतला?" वकीलबाईंनी हळू विचारलं.

"हो."

"आणि…"

"हो."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. नंतर म्हणाल्या, "आता हात लावू नका. उसवाल बिसवाल, तर म्हणतील घरी बसून कात्रीने केलं. आहे तसा राहू दे."

प्रकरण चाललं तशी मुलगी मोठी होत गेली. तिला कितीजणांनी विचारलं त्याला गणती नव्हती. डॉक्टरांनी, मनाच्या डॉक्टरांनी, विमावाल्यांनी, दोन्हीकडच्या वकिलांनी. "घाबरू नको हं बाळ, जसं झालं तसं सांग." मुलगी उत्तर द्यायची आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, बरोबर आलं का म्हणून. शाळेत मास्तरीणबाईंकडे बघावं तसं. आणि समोरचा खूश दिसला नाही की पुढच्या वेळी उत्तर थोडं बदलायची.

तिला कोर्टात उभं केलं नाही, हे एक बरं झालं. न्यायाधीशांनी आपल्या खोलीत बसवून, बिस्किट देऊन विचारलं. आई कोपऱ्यात बसली होती, बोलायची परवानगी नव्हती.

"तू वाकली होतीस?"

"हो. मोज्यासाठी."

"मग हात खाली नेलास?"

मुलीने विचार केला. वाकल्यावर हात खालीच जातो, आई मनात ओरडत होती. वर कुठे जाईल?

"हो," मुलगी म्हणाली.

"तुझा कोट फाटला होता का?"

"नाही," मुलगी लगेच म्हणाली. हे उत्तर तिला पक्कं येत होतं. "मी सगळीकडे शोधलं. आईने दाखवला मला. फाटलाच नव्हता."

दुकानाचा वकील कधी आवाज चढवायचा नाही. नवऱ्याने त्याला मऊसाहेब असं नाव ठेवलं होतं. "लोणी आहे नुसता. सुरीला लावलेलं," तो म्हणायचा. आईची साक्ष झाली तेव्हा मऊसाहेबांनी आधी मुलीच्या तब्येतीची चौकशी केली.

"ताई, तुमचा व्यवसाय काय?"

"रफूचा."

"म्हणजे नक्की काय करता? आम्हाला समजेल असं सांगा."

"फाटलेलं नीट करते."

"नीट म्हणजे? शिवण दिसते?"

"नाही दिसत."

"कुणालाच? मी असं ऐकलंय की गिऱ्हाइकाला सापडलं तर तुम्ही पैसे घेत नाही. किती वेळा सोडलेत पैसे?"

"एकदाही नाही." मग आपण खोटं बोललो असं वाटून ती घाईने म्हणाली, "एकदा निम्मे सोडले."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. मऊसाहेबांनी कोट मागवला. पाकिटातून काढला, न्यायाधीशांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसून बाही बघितली, खिडकीकडे जाऊन उजेडात धरली. कारकुनाने बघितली. तज्ज्ञाचा अहवाल आधीच आला होता: कापडाची दुरुस्ती झाली आहे, परंतु मूळ चीर कशाने आणि केव्हा पडली हे सांगता येत नाही.

"काम मात्र सुंदर आहे, बाई," न्यायाधीश म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, हेच वाईट.

"म्हणजे आम्ही असं समजायचं," मऊसाहेब हळुवारपणे म्हणाले, "की कोट फाटला होता, आणि फाटलेला कुणाला दिसू नये याची काळजी तुम्ही स्वतः घेतलीत. दवाखान्यातच. मुलगी आत ऑपरेशनला असताना."

"मुलीला मी शब्द दिला होता हो."

"काय सांगितलं होतंत मुलीला?"

"की कोट फाटला नाही."

मऊसाहेबांनी मान झुकवली. "धन्यवाद, ताई," ते म्हणाले आणि बसले.

खटला तिथे संपला नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. दुकानाने तडजोडीचा निरोप पाठवला. वकीलबाईंनी दोघांना बोलावलं, फायली मांडीवर द्यायलाही विसरल्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "मी खोटी आशा दाखवणार नाही. हाड वाढतं, व्रण वाढत नाही. मुलगी उंच होईल तसा तो तळवा आखडत जाणार, दर काही वर्षांनी ऑपरेशन. त्याला पैसा लागणार. रक्कम तिच्या नावावर बँकेत राहील. औषधपाण्याला लागेल तसं कोर्टाला विचारून काढायचं, बाकी ती सज्ञान झाल्यावर तिचं."

"आणि वाक्य?" तिने विचारलं.

"काय?"

"तिने हात घातला नाही, ते वाक्य."

वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. त्यात होतं की कंपनी कोणताही दोष मान्य न करता, केवळ सहानुभूतीपोटी ही रक्कम देत आहे. आणि खाली, झाल्या प्रकाराबद्दल कुटुंबाने पुढे कुठेही वाच्यता करायची नाही.

"ते वाक्य आपण सोडलं तर रक्कम वाढवायला तयार आहेत," त्या म्हणाल्या.

"घेऊन टाकू," नवरा म्हणाला. तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो खुर्चीत मागे सरकला. "अगं, मला काय गोड लागतंय का हे? पण वाक्य घेऊन काय करायचं? ऑपरेशनला वाक्य चालणार आहे का?"

"तिला काय सांगायचं?"

"मोठी झाली की कळेल तिला."

"कशावरून कळेल?"

मुलं मोठी झाली की त्यांना कळतं असं आपण म्हणतो, कारण तोवर आपली सुटका होते.

लहान मुलाच्या नावची तडजोड न्यायाधीशांना दाखवावी लागते. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "हे मुलीच्या हिताचं आहे असं तुम्हाला वाटतं?"

"पैसे हिताचे आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे हो ना?"

नवरा खोकला. वकीलबाईंनी खाली बघितलं.

"हो," ती म्हणाली. कारकुनाने तेवढंच लिहून घेतलं.

त्यानंतर तिने गिऱ्हाइकांना "शोधा" म्हणणं सोडलं. कपडा पिशवीत घालून द्यायची. लाँड्रीवाल्याने एकदा चेष्टेने विचारलं, "काय ताई, हल्ली सापडायला लागलं की काय?" तिने पुढच्या कपड्यात डोकं घातलं. हातातली कला काही गेली नव्हती. उलट ती इतकी सफाईने काम करायची की तिला स्वतःलाच कधी कधी जागा सापडायची नाही, आणि मग ती कपडा घाईने पिशवीत कोंबायची. मुलगी शाळेतून थेट दुकानात यायची, दप्तर जिन्याखाली सरकवायची आणि डाव्या हाताने गृहपाठ करायची. अक्षर आता चांगलं वळणदार झालं होतं. सगळे कौतुक करायचे. उन्हाळ्यातसुद्धा ती लांब बाह्यांचे कपडे घालायची आणि बाही ओढून मुठीत धरायची.

एक दिवस एक नवीन बाई पडदा घेऊन आली. बोलघेवडी होती. "अगंबाई, डावखुरी का तू? आणि हाताला काय झालं ग?"

मुलीने मान वर केली. "मीच घातला होता हात," ती सहज म्हणाली, "सरकत्या जिन्यात. लहान होते ना." आणि पुन्हा लिहायला लागली. जसं कुणी सांगावं, मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या.

बाई चुकचुकली. "मुलांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं हो," ती आईला म्हणाली.

आई ब्र काढू शकली नाही. सही केलेली होती. बाई गेल्यावर ती उठली, वाकून मागे गेली आणि वरच्या फळीवरून पाकीट काढलं. वकीलबाईंनी कोट परत पाठवला होता, पाकिटावर कोर्टाचा नंबर अजून तसाच होता. तिने कोट फळीवर पसरला. मुलीसाठी तो आता खेळण्यातल्यासारखा छोटा दिसत होता.

"इकडे ये."

"काय ग?"

"बघ फक्त."

तिने सगळ्यांत बारीक सुई घेतली. धागा कुठून सुरू केला होता हे जगात तिला एकटीला माहीत होतं. खिडकीतला उजेड बरोबर बाहीवर पडला होता. तिने पहिलं टोक उचललं, मग दुसरं. वीण हळूहळू सैल झाली. एकेक धागा ती ओढून बाजूला ठेवत गेली, तसतशा खालच्या चिरा उघडायला लागल्या, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, कंगव्याने विंचरल्यासारख्या. आत, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे तपकिरी डागही होता. तिने एकही मूळ धागा तुटू दिला नाही. लाँड्रीवाल्याची इस्त्री मधे मधे भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता.

"बघ," ती म्हणाली. "हे बघ. ही बाही आधी ओढली गेली. ब्रश नव्हता तिथे. हे दाते बघ, हे कापडावर उमटलेत. कापड आधी गेलं ग, त्याने तुझा हात ओढून नेला. तू नाही घातलास. तू मोजा वर घेत होतीस. मी सांगितलं म्हणून."

मुलगी बराच वेळ बघत राहिली. तिने तीन बोटांनी चिरांवरून हात फिरवला, गिऱ्हाइकं फिरवायची तसा. मग आईच्या हातातल्या सुईकडे बघितलं, फळीवरच्या कात्रीकडे बघितलं, आणि शेवटी आईच्या तोंडाकडे. त्या बघण्यात किती काळजी होती. एवढ्याशा पोरीच्या डोळ्यांत कुणी ती ठेवली होती?

"आई," तिने अगदी हळू विचारलं, "हे तू आत्ता केलंस ना?"

आईने नुसतीच मान हलवली, नाही, नाही म्हणून.

"असू दे," मुलगी म्हणाली. पुढे होऊन तिने ते सुटे धागे डाव्या हाताने गोळा केले आणि आईच्या डबीत नीट ठेवले. "मी कुणाला नाही सांगणार."

मग बाही मुठीत ओढून घेत ती आपल्या वहीकडे परत गेली.